काचेवरची पाचाची रेघ

कँटीनच्या पूर्वेकडच्या खिडकीवर चार रेघा होत्या. पांढऱ्या ऑइलपेंटने ओढलेल्या, बोटभर लांब, एकीखाली एक, आणि प्रत्येकीपुढे आकडा: सात, सहा, पाच, चार. काउंटरमागच्या तांबड्या फरशीवर काकू ताठ उभ्या राहिल्या, की या रेघा समोरच्या डोंगरावर बरोबर जाऊन बसत. पाचाची रेघ काळ्या कड्यावर, चाराची जुन्या खाणीच्या तोंडाशी. दोन पावलं इकडेतिकडे सरकलं की सगळं बिनसलं. म्हणून त्या फरशीवर दुसऱ्या कुणी पाय ठेवलेला काकूंना खपत नसे. पोटचा मुलगा का असेना, “हो बाजूला” म्हणून खांद्याला धरून सरकवत.

रेघा ओढल्या होत्या काकूंच्या नवऱ्याने. जन्मभर मोजणी खात्यात नोकरी केलेला माणूस. निवृत्त झाल्यावर या लहानशा विमानतळावर कँटीन घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात नकाशा उलगडून, बायकोला फरशीवर उभी करून, तिच्या नजरेच्या मापाने रेघा मारल्या. काकू तिसरी शिकलेल्या. पण ढग कुठल्या रेघेला टेकलाय हे सांगायला शाळा लागत नाही. खिंडीतून जाणारे ट्रकवाले चहा पिता पिता विचारत, “काकू, वर कसं आहे?” आणि काकू मान वर न करता सांगत, “पाचाला आलाय. खिंड गेली आत. दिवे लावा आणि बायकापोरांची आठवण ठेवून चालवा.” खिंड पाच आणि सहाच्या मधे होती, पाच हजार सहाशे फुटांवर, तशी पाटीच होती रस्त्यावर. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, पण काकूंचा अंदाज एकदाही चुकला नव्हता, आणि हे त्या दिवसातून निदान दोनदा कुणाला ना कुणाला ऐकवत.

ऐकून न घेणारं माणूस एकच. सूनबाई.

सूनबाई पायलट होती. चार माणसं बसतील एवढं एका इंजिनाचं विमान घेऊन ती डोंगरापलीकडच्या सपाटीवरच्या गावी जा-ये करी. कधी प्रवासी, कधी टपालाची पोती. काकूंचा मुलगा त्याच विमानाचा मेकॅनिक. म्हणजे नवरा विमान दुरुस्त करायचा आणि बायको उडवायची, आणि सासूने दोघांना डबा करून द्यायचा. काकू बायकांत बसल्या की म्हणत, “आमच्याकडे सगळं उलटंच आहे,” पण म्हणताना मान अशी काही वर जाई की उलटं असल्याचा त्यांना किती अभिमान आहे हे आंधळ्यालाही दिसावं. सुनेसमोर मात्र कौतुकाचा एक शब्द निघायचा नाही.

एके दिवशी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दोघींचं वाजलं. काकू म्हणाल्या, “उद्या जाऊ नकोस. माझा गुडघा बोलतोय. ढग उतरणार.”

सूनबाई भाकरीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणाली, “आई, गुडघ्यावर विमान चालत नाही. मला आकडा सांगत जा. जायचं की नाही, ते माझं मी ठरवीन.”

आणि मुलगा हसला. तेवढंच. पण ते हसू काकूंच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. रात्रभर त्या कूस बदलत राहिल्या. आकडा हवा काय. घे बाई आकडा.

दुसऱ्या दिवशी सूनबाई सकाळी निरभ्र आभाळातून पलीकडे गेली. दुपारी परतायची होती. दोन वाजेपर्यंत गुडघा खरा ठरला. वायव्येकडून ढगांची चादर आली आणि डोंगरावर अशी पसरली की वरचा अर्धा डोंगर कुणी कापून नेल्यासारखा दिसू लागला. काकूंनी भांडी विसळता विसळता एक नजर टाकली. खालची कड काळ्या कड्याला चिकटली होती. पाच.

कँटीनला लागूनच हवामानाची खोली. मधल्या भिंतीत एक सरकती फळी होती. तिच्यातून चहा पलीकडे जायचा आणि रिकामा कप अलीकडे यायचा. पलीकडे बसणाऱ्या गृहस्थांना सगळे हवामानवाले म्हणत. स्वभावाने गरीब माणूस, पण सारखा काहीतरी पुसत असायचा. मैदानात एक पांढरी पेटी होती, ती वर उजेड सोडून ढगाची उंची मोजायची. त्या दिवशी पेटी काहीच्या बाही दाखवायला लागली म्हणून हवामानवाले फडकं घेऊन तिची काच पुसायला गेले होते.

तेवढ्यात त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. वाजत राहिला. काकूंनी हात पदराला पुसले, फळी सरकवली आणि हात लांब करून रिसीव्हर उचलला.

“हॅलो, मी बोलतेय.” सूनबाईचा आवाज. मागे कुणीतरी दार आपटत होतं. “हवामानवाले आहेत का?”

“मैदानात गेलेत. काय पाहिजे?”

“ढग किती आहे तिकडे?”

काकूंनी मागे वळून, फरशीवर पाय ठेवून, नीट पाहिलं. कामात त्या कधी हयगय करत नसत.

“पाच हजार.”

“नक्की?”

“नऊ वर्षांत चुकले का मी?”

“बरं. पाच हजार. समजलं.” पलीकडे पेन्सिल खरडली. “आणखी काही?”

आणखी होतं. ‘खिंड आत गेलीय, तिकडेच राहा,’ हे शब्द काकूंच्या ओठांवर आले होते. ट्रकवाल्याला त्यांनी न विचारता सांगितले असते. पण कालचं हसू आठवलं. आकडा सांगत जा, म्हणाली होती ना.

“आणखी काही नाही,” काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यांना वाटलं, झालं. एवढी शिकलेली पोर, पाच म्हटल्यावर खिंड बंद हे तिला कळतंच. राहील तिकडे रात्रीची. कोरड्या पावाला जाम लावून खाईल आणि सासूच्या गुडघ्याची आठवण काढील. मनातल्या मनात काकूंना बरंही वाटलं. हे पुढे त्यांना फार छळणार होतं, की बरं वाटलं होतं.

वीसेक मिनिटांनी हवामानवाले आले. फडकं खुंटीला लावलं, खुर्चीत बसले, आणि फोन पुन्हा वाजला. पलीकडच्या विमानतळाचा कारकून होता. हवामानवाल्यांनी ऐकून घेतलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि फळीतून डोकं काढून म्हणाले, “काकू, अर्धा कप द्या. तुमची सूनबाई निघाली तिकडून. दहा मिनिटं झाली. दोन प्रवासी आहेत.”

काकूंच्या हातातली किटली तशीच राहिली. “निघाली? कुठे निघाली?”

“इकडेच. कुठे म्हणजे?”

“खिंड बंद असताना?”

“बंद कशी? कारकून म्हणतो, इकडून ढगाचा आकडा घेतला तिने. पाच हजार.” हवामानवाले थांबले. मग सावकाश त्यांनी पेटीच्या पडद्याकडे पाहिलं. “काकू, आकडा कुणी दिला?”

“मी दिला. पाच आहे, बघा की, काळ्या कड्याला टेकलाय. तुमची पेटी काय म्हणते?”

“दोन हजार सहाशे.”

“मग फोडून टाका ती पेटी.”

हवामानवाले हसले नाहीत. काकूंना कधी न दिसलेला त्यांचा चेहरा त्या वेळी दिसला. तोंडाचा रंग उतरत गेला, वरून खाली. “काकू,” ते म्हणाले, “पेटी बरोबर आहे. तुम्हीही बरोबर आहात. तुमच्या रेघा कशापासून मोजल्यात?”

“नकाशावरून.”

“म्हणजे समुद्रापासून. डोंगराची उंची समुद्रापासून मोजतात. पण विमानतळावरून ढगाची उंची सांगतात ना, ती कायम इथल्या जमिनीपासून. जगात कुठेही जा. पायलट तो आकडा घेतो, त्यात विमानतळाची उंची मिळवतो, मग आपल्या विमानातल्या काट्याशी जुळवतो. आपला विमानतळ समुद्रापासून चोवीसशे फूट वर आहे.” त्यांनी पेन्सिल घेतली, पण लिहिलं काहीच नाही. “तिने तुमच्या पाच हजारांत चोवीसशे मिळवले. सात हजार चारशे झाले. खिंड पाच हजार सहाशेला. वर हजार फूट मोकळे ठेवून गेली तरी तिच्या हिशेबाने आठशे फूट जागा उरते.”

“आणि माझ्या हिशेबाने?”

“तुमच्या हिशेबाने खिंड ढगात आहे.”

काकूंनी किटली खाली ठेवली. नीट ठेवली, झाकण वाजलंही नाही.

“बोलवा तिला,” त्या म्हणाल्या. “रेडिओवर बोलवा.”

“डोंगराच्या मागे आहे ती. खिंड ओलांडल्याशिवाय आपला आवाज तिच्यापर्यंत जात नाही. आणि पलीकडच्या विमानतळावर नुसता फोन आहे, रेडिओ नाही.” तरी हवामानवाल्यांनी रेडिओ घेतला आणि तिच्या विमानाचा क्रमांक हाका मारल्यासारखा पुन्हा पुन्हा उच्चारला. उत्तरादाखल नुसती खरखर. कढईत पाणी पडल्यासारखी.

काकूंना ती वाट माहीत होती. कधी विमानात बसल्या नव्हत्या, पण मुलाने टेबलावर मीठदाणी आणि पेले मांडून दाखवलं होतं. पलीकडून खिंडीकडे येताना आधी रुंद घळ लागते. मग एक वळण. वळणापर्यंत विमान मागे फिरवता येतं. वळण ओलांडलं की दोन्ही बाजूंना कडे जवळ येतात. मग पुढेच जायचं. दोन पेल्यांमधून मीठदाणी सरकवत तो म्हणाला होता, “इथून पुढे विचार बदलायची सोय नाही.” तेव्हा काकूंनी पेले उचलून धुवायला नेले होते, जेवताना असले खेळ नकोत म्हणून.

घड्याळात तीन वाजून दोन मिनिटं. वळण उड्डाणापासून पंचवीस मिनिटांवर. म्हणजे अजून दहा-बारा मिनिटं. किंवा तेवढीही नाहीत.

मुलाला सांगायला हवं होतं. हँगर समोर साठ पावलांवर. काकू निघाल्या. आयुष्यात त्या कुणाच्या दारात चूक कबूल करायला गेल्या नव्हत्या. लोकच त्यांच्याकडे यायचे. साठ पावलांत त्यांनी तीनदा वाक्य जुळवलं आणि तीनदा गिळलं. एकदा तर मनात आलं, की सांगायचं, तिनेच नीट विचारलं नाही. ते खोटंही नव्हतं. पण तेवढ्यात हँगरचं दार आलं.

मुलगा चाकाच्या जॅकपाशी उकिडवा बसला होता. आईचा चेहरा पाहून उभा राहिला.

“मी तिला पाच सांगितलं,” काकू म्हणाल्या. “रेघेवरचं पाच. खिंड बंद आहे हे सांगितलं नाही. ठाऊक होतं, तरी सांगितलं नाही.”

त्याला हिशेब समजावून सांगावा लागला नाही. त्याने हातातला पाना जमिनीवर ठेवला आणि डोंगराकडे पाहिलं. ओरडला असता, भांडला असता, तर काकूंनी सोसलं असतं. तो नुसता पाहत राहिला, आणि काकूंना वाटलं की या पोराला आपण पहिल्यांदाच पाहतोय, हा कुणाचा तरी नवरा आहे.

“टॉवरवाल्याला फोन कर,” अखेर तो म्हणाला.

खिंडीत फोनचा टॉवर होता आणि त्याची राखण करणारा एक माणूस. आठवड्यातून एकदा खाली येऊन काकूंकडे उधारीशिवाय चहा आणि उधारीवर गप्पा घेऊन जायचा. काकूंनी हवामानवाल्यांच्या फोनवरून त्याला लावला.

“काकू? आज कशी आठवण झाली?”

“वर काय दिसतंय?”

“दिसतंय काय, काहीच नाही. दूध सांडलंय. माझं फाटक मला दिसत नाही.”

“विमान ऐकू येतंय का?”

“विमान? या हवेत कोण वेडा—” तो थांबला. “थांबा हं.”

रिसीव्हरमधून वारा ऐकू येत होता. काकूंच्या एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला हवामानवाले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा एकेक ठोका मोजत होता. एरवी हे घड्याळ वाजतं हेसुद्धा काकूंना माहीत नव्हतं.

“येतंय,” टॉवरवाला म्हणाला. “खालून येतंय. घळीतून.”

मुलाने डोळे मिटले.

“जवळ येतंय, काकू. मोठं होतंय. वरून आहे का खालून, कळत नाही. चहूकडून येतंय.” त्याच्या आवाजातली चेष्टा केव्हाच गेली होती. “कोण आहे विमानात?”

“माझी सून आहे.”

नुसता वारा. मग तो म्हणाला, “गेला.”

“काय गेला?”

“आवाज गेला.”

काकूंनी टेबलाची कड धरली. “गेला म्हणजे लांब गेला, की थांबला? नीट सांग. एकदम बंद पडला, की हळूहळू?”

“काकू, ढगात नाही कळत. होता आणि आता नाही. वारा आहे नुसता.”

“धडाम असं काही?”

“नाही. म्हणजे, मला नाही ऐकू आलं.”

काकूंनी रिसीव्हर मुलाच्या हातात दिला आणि खुर्चीत बसल्या. हवामानवाल्यांनी पाणी पुढे केलं, ते हातात तसंच राहिलं. तीन वाजून तेरा. त्यानंतर कुणाला काही करण्यासारखं उरलं नाही. हवामानवाले रेडिओवर क्रमांक उच्चारत होते, दर मिनिटाला एकदा, आणि दर वेळी आवाज थोडा खाली जात होता. मुलगा दारात उभा, डोंगराकडे तोंड करून. काकूंच्या डोळ्यांपुढे सारखं एकच येत होतं: सूनबाईचे दोन हात, विमानाच्या दांड्यावर, आणि काचेबाहेर पांढरं. त्या हातांना भाकरी नीट थापता येत नाही म्हणून काकू चारचौघांत हसल्या होत्या. काठ जाड राहतात, म्हणून.

आणि ते दोन प्रवासी. त्यांचीही कुणीतरी वाट बघत असेल. कुणीतरी चहाचं आधण ठेवलं असेल.

तीन चाळीसला विमान यायला हवं होतं. तीन चाळीस झाले. पंचेचाळीस झाले. धावपट्टीवर एक कुत्रं येऊन बसलं आणि कुणी त्याला हाकललं नाही.

तीन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी फोन वाजला. हवामानवाल्यांनी उचलला, ऐकला. त्यांनी नुसता रिसीव्हर पुढे केला. मुलाने झडप घातली. “हं,” तो म्हणाला. “हं. हं.” मग भिंतीला टेकून खाली बसला आणि तळव्याने डोळे पुसले, तेलाचा काळा पट्टा गालभर ओढत. “आई, तुला मागतेय.”

काकूंनी उठून रिसीव्हर घेतला.

“आई,” सूनबाई म्हणाली. आवाज सपाट होता, पण मधेच दात वाजल्यासारखं व्हायचं. “मी परत आले. पलीकडेच उतरले.”

“चूक माझी,” काकू म्हणाल्या. तीन वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही नाही आलं, हे आलं.

“आकडा चूक नव्हता. घळीत शिरले आणि पंखाला पांढरं लागलं. म्हटलं, सात हजार चारशेला ढग, आणि इथे कसा? काट्याकडे पाहिलं. बरोबर पाच हजार. शंभर कमी नाही, शंभर जास्त नाही. मग तुमची खिडकी आठवली. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात तुम्ही मला काच पुसायला लावली होती. रेघांना फडकं लावलंस तर बघ, म्हणाला होतात. मी विचारलं, हे कुठून मोजलंय. तुम्ही म्हणालात, नकाशावरून, आणि हात चालव.”

“वळणाच्या किती आधी फिरलीस?”



“ते विचारू नका.”

काकूंनी विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही. पण त्यांना कळलं.

“आई, खिंड बंद होती हे तुम्हाला दिसत होतं?”

“दिसत होतं.”

“मग बोललात का नाही?”

खोटं बोलायला जागा होती. घाई होती, दूध उतू जात होतं, लाइन खरखरत होती. काकूंनी मुलाकडे पाहिलं, त्याच्या गालावरच्या काळ्या पट्ट्याकडे.

“तू म्हणालीस, नुसता आकडा सांगा. म्हणून.”

“एवढ्यासाठी?”

“एवढ्यासाठी.”

मग सूनबाई म्हणाली, “माझे गुडघे अजून लटपटतायत. प्रवाशांना सांगितलं, थंडी वाजतेय.” आणि फोन ठेवला.

त्या रात्री काकूंनी दोघांचंच रांधलं आणि दोघांनीही पुरतं खाल्लं नाही. सकाळी त्या उजाडायच्या आत कँटीनला आल्या. हातात पत्र्याचा डबा आणि पाती. पेंट खरवडून काढायचा निश्चय करून आल्या होत्या. फरशीवर उभ्या राहिल्या. ढग वर गेला होता, सहाच्याही वर, खिंड घासलेल्या ताटासारखी स्वच्छ दिसत होती. पाती काचेला लावली आणि तशीच धरून ठेवली. नवऱ्याचा हात होता त्या रेघांवर. आणि काल पोर परत आली ती याच रेघेची आठवण होऊन. पाती पुन्हा डब्यात गेली.

सातला फोन वाजला. हवामानवाले जागेवर होते, पेटीचा पडदा समोर होता. त्यांनी आकडा सांगितला, जमिनीपासूनचा. मग जरा ऐकून फळी सरकवली. “काकू, तुम्हालाही विचारतेय.”

“मी नाही सांगत,” काकू म्हणाल्या. “तुम्ही सांगितलंत ना. माझा आकडा नको कुणाला.”

हवामानवाल्यांनी रिसीव्हर फळीतून पुढे धरला. त्यातून सूनबाईचा आवाज आला, लहान पण स्पष्ट. “आई, बोला. काय दिसतंय ते सगळं सांगा. आणि कुठून मोजलं ते आधी.”

काकूंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

“समुद्रापासून,” त्या म्हणाल्या. “सहाच्या वर आहे, सातापर्यंत पोचला नाही. काळा कडा मोकळा. खिंड मोकळी, पाटीसुद्धा दिसेल. पण उत्तरेकडून एक पांढरी पट्टी सरकतेय. पातळ आहे. मला ती आवडत नाही.”

“किती वेळ आहे?”

“ते माझ्या रेघेवर नाही गं.”

पलीकडे पेन्सिलचा आवाज आला. सूनबाई मिळवत होती, वजा करत होती. काकू तांबड्या फरशीवर उभ्या राहिल्या, पट्टीवरची नजर न काढता, आणि सूनबाई काय ठरवते याची वाट बघू लागल्या.